गाडी नाही, मग पोतं घरी कसं आणायचं?

गेल्या अंकात मी उन्हाळ्यातल्या साठवणीबद्दल लिहिलं होतं, की एप्रिल-मेमध्ये नवा गहू बाजारात आलेला असतो तेव्हा एकदम भरून ठेवा, स्वस्तही पडतो आणि वर्षभर पोळी एकसारखी होते. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार होती, ताई हे सगळं ठीक आहे पण आमच्याकडे गाडी नाही, आणायचं कसं? बरोबर आहे तुमचं. मी ते लिहायला हवं होतं. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला दिलीय.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो, वन बीएचके, तिसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. सासूबाईंचं म्हणणं की वर्षाचं धान्य एकदम भरावं, त्या गावाला असताना तसंच करायच्या. मिस्टरांचं म्हणणं की गाडी नाही, जागा नाही, उगाच डोक्याला ताप नको, दर आठवड्याला पाच किलोचं पाकीट आणलं की झालं. आम्ही दोघंही नोकरीला, मी संध्याकाळी साडेसातला स्टेशनवर उतरते. खरंच परवडतं का असं भरणं? की गाडीवाल्यांसाठीच आहे ते?

उत्तर : सासूबाईंचंही बरोबर आणि मिस्टरांचंही, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलताहेत. सासूबाई साठवणीबद्दल बोलतायत आणि मिस्टर वाहून आणण्याबद्दल. या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा, अर्धा वाद तिथेच मिटतो.

माझं माहेर परळचं, चाळीतलं. आमच्या चाळीत तेव्हा एकाही घराकडे गाडी नव्हती, स्कूटरसुद्धा एक-दोघांकडेच, आणि तरी मे महिन्यात प्रत्येक घरातली पत्र्याची कोठी भरलेली असायची. कारण पोतं आणायला आपण जायचोच नाही. आई वाण्याकडे जाऊन गहू हातात घेऊन बघायची, दोन दाणे दाताखाली धरायची, भाव ठरवायची आणि परत यायची, मग दुपारी वाण्याची हातगाडी यायची आणि हमाल पाठीवर पोतं घेऊन वर चढवायचा. त्याला पाणी, चहा, आणि त्याची हमाली त्याच्या हातात. म्हणजे मोठी खरेदी करायला गाडी लागते हे आपल्या डोक्यात मॉलच्या पार्किंगमुळे बसलंय. गाडी लागत नाही, पोचवणारा लागतो.

आता तुमचा हिशोब मांडू. आकडे मी समजुतीसाठी घेतेय, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. चार माणसांना, त्यात एक लहान, महिन्याला साधारण आठ किलो गहू लागतो असं धरू, म्हणजे वर्षाला शंभरच्या आत, तीस किलोची साधारण तीन पोती. समजा पाच किलोच्या पाकिटात गहू किलोला ४८ रुपये पडतो आणि पोत्यात ४२. एका पोत्यामागे १८० रुपये वाचले. आता तुम्ही ते पोतं आणायला रिक्षाने गेलात आणि रिक्षाने आलात, १२० गेले, खालून वर चढवायला कुणाला ६० दिले, संपलं, हातात शून्य, वर रविवारची सकाळ गेली ती वेगळीच. पण तेच पोतं दुकानदाराने घरपोच दिलं आणि तुम्ही फक्त चढवणाऱ्याचे ६० दिले तर १२० वाचतात, तीन पोत्यांचे ३६०. बघा म्हणजे, वर्षाला साडेतीनशे रुपये. यात कुणी श्रीमंत होत नाही हे मी स्पष्टच सांगते. नफा दुसरीकडे आहे. तुम्ही साडेसातला लोकलमधून उतरून, गर्दीत दबून आलेल्या असता, तेव्हा दर आठवड्याला पाच किलोचं पाकीट, त्यात तेल, साखर, मुलीचं काहीतरी असं दोन्ही हातात घेऊन तीन मजले चढायचं वाचतं. मला विचाराल तर साडेतीनशे रुपयांपेक्षा हे मोठं आहे. मिस्टरांना हे सांगा.

आता कसं करायचं ते. पहिल्यांदा एक करा, पुढचे दोन-तीन महिने काहीच भरू नका, फक्त मोजा. गव्हाचं किंवा आट्याचं पाकीट फोडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लिहायचं, दुधाचा हिशोब लिहितो तसंच. तूरडाळ, तांदूळ, तेल, साखर, साबण, सगळ्याचं. आपण अंदाजाने सांगतो आणि खरं काहीतरी भलतंच निघतं. माझ्या एका मैत्रिणीला वाटायचं महिन्याला पाच किलो तांदूळ लागतो, निघाला तीन, कारण मुलं दोन्ही वेळ पोळीच खात होती. तिने पाचच्या हिशोबाने वर्षाचा भरला असता तर पावसाळ्यानंतर त्याला टोके, म्हणजे धान्यातले बारीक किडे, लागून अर्धा गच्चीवर ऊन दाखवत बसावं लागलं असतं.

मग सामानाचे तीन ढीग करा, मनातल्या मनात. एक, जड आणि टिकाऊ: गहू, ज्वारी, जुना तांदूळ, साखर, मीठ, कपड्यांची पावडर. हे कधीही स्वतः वाहायचं नाही, हे दारात आलं पाहिजे. दोन, हलकं आणि टिकाऊ: हिंग, वेलची, मोहरी, जिरं, कोकम, साबण, टूथपेस्ट. हे ऑफिसच्या बॅगेत बसतं, त्यामुळे तुम्ही दादर किंवा मस्जिद स्टेशनला उतरून घाऊक भावात आणू शकता, रिक्षाचा खर्चच नाही, पास तर काढलेलाच आहे. लोक एकदम घ्यायचं म्हटलं की पोतीच बघतात आणि हा ढीग विसरतात. अर्धा किलो जिरं आणि पाव किलो वेलचीवर जेवढे पैसे सुटतात तेवढे कधीकधी पंचवीस किलो साखरेवर सुटत नाहीत, आणि वजन बघा किती! गाडी नसणाऱ्यांनी एकूण किती वाचले हे बघायचंच नाही, उचललेल्या एका किलोमागे किती वाचले हे बघायचं. तिसरा ढीग जे टिकत नाही त्याचा: रवा, मैदा, बेसन, पोहे, शेंगदाणे, सुकं खोबरं, दळलेला आटा. हे ऑफर असली तरी एकदम घेऊ नका, यांना लवकर अळी-जाळी होते, शेंगदाणे-खोबरं तर पावसाळ्यात खवट.

दुकानदाराशी बोलताना एक प्रश्न न विसरता विचारा, की डिलिव्हरी गेटपर्यंत की दारापर्यंत? हे मी अनुभवाने सांगतेय. मी ठाण्याला चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे पण ती बंद असली की बंद असते. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये एका दुकानातून मी दोन पोती मागवली, डिलिव्हरी फ्री म्हणाले, मी ऑफिसात, मुलगा कॉलेजात, आणि त्यांचा माणूस भरदुपारी पोती गेटच्या आत भिंतीला टेकवून निघून गेला. तीन वाजता पाऊस. वॉचमननी बिचाऱ्यांनी वर प्लास्टिक टाकलं पण पाणी खालून आलं. संध्याकाळी मी बघितलं तर एका पोत्याचा खालचा वीतभर भाग ओला, हाताला गरम लागत होता, आंबूस वास. आठ-नऊ किलो गहू फेकावा लागला मला. दुकानदार म्हणाला माल पोचवला होता, आणि त्याचंही चुकत नव्हतं कारण दारापर्यंत असं ठरलंच नव्हतं. तेव्हापासून मी तीन गोष्टी आधी बोलून घेते: दारापर्यंत, कोण घरी असेल त्या वेळेत, आणि चढवणाऱ्याला वेगळे किती द्यायचे. शेवटचं मुद्दाम सांगते. तीस किलो तीन मजले चढवणं हे काम आहे, फुकट डिलिव्हरीत ते धरू नका. आपल्याकडे ओझी वाहणाऱ्यांच्या मजुरीसाठी, हक्कासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती ती, आणि आपण मात्र दारात आलेल्या पोराला पाणी पण विचारत नाही. पैसे आधी ठरवा, नीट द्या, पुढच्या वेळी तोच हसत येतो.

कधी माणूस मिळालाच नाही, पोतं खालीच राहिलं, तर ते एकदम उचलायचा हट्ट करू नका, दोघांनी धरूनसुद्धा नको, जिन्यात वळताना कंबर जाते. खाली पहिल्या पायरीवरच पोतं उघडा. शिलाईच्या एका टोकाची सुतळी अशी असते की बरोबर बाजूने ओढली तर सरसर सगळी सुटत जाते, चुकीच्या बाजूने ओढली तर गाठ बसते आणि मग सुरी शोधा. सपाट साधी टाक्यांची बाजू आपल्याकडे ठेवायची आणि उजव्या टोकापासून सुरुवात करायची, बहुतेक वेळा सुटते. मग कापडी पिशव्यांत सहा-सहा किलो भरायचं, वाटीने नाही, घरातलं मोठं पातेलं आणा, आणि पाच खेपा. पिशवी कापडीच हवी, पातळ प्लास्टिकचा बंद दुसऱ्या मजल्यावर बोटात रुततो.

जागेचं म्हणाल तर तीस किलो गव्हाला साधारण चाळीस लिटरचा डबा लागतो. तीन पोती म्हणजे तीन डबे, वन बीएचकेत मी ते सांगणार नाही. तुम्ही वर्षाचं भरूच नका! चार महिन्यांचं भरा, एका वेळी एक पोतं. मे अखेरीस एक, गणपतीच्या नंतर एक, संक्रांतीच्या सुमाराला एक. सासूबाईंना साठवण केल्याचं समाधान आणि मिस्टरांना पाय ठेवायला जागा. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका, खाली पाट किंवा लाकडी फळी घाला, पावसाळ्यात भिंत ओल धरते.

प्रश्न : ताई, पंचवीस किलो तांदळाची बॅग घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला सव्वीस किलोची घ्या स्वस्त पडेल. एक किलो जास्त आणि स्वस्त कशी? फसवत तर नाही ना? आमच्याकडे गाडी नाही म्हणून मी दहा-दहा किलोच्या दोन बॅगा आणणार होतो, एका हातात एक. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : नाही, फसवत नाहीये, यात टॅक्सची गंमत आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅक केलेल्या, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, पण पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकवर. पंचवीसच्या वर गेलं की तो लागत नाही. म्हणून कंपन्यांनी सव्वीस किलोच्या बॅगा काढल्या, तीस किलोच्या तर होत्याच. तसंच दुकानदार पोत्यातून सुटं मोजून देतो त्यावरही तो टॅक्स नाही. म्हणजे तुमच्या दहा-दहाच्या दोन बॅगांवर टॅक्स आहे आणि सव्वीसच्या एका बॅगेवर नाही.

पण तुमच्यासाठी मधला रस्ता मी सांगते तो सुट्या तांदळाचा. ओळखीचा दुकानदार असेल तर सव्वीसच्या बॅगेतलाच तांदूळ दहा किलो सुटा मागा, भाव थोडा वर लावेल पण पाकिटापेक्षा कमीच पडतो बहुतेक वेळा, आणि तुम्ही तो स्वतःच्या दोन पिशव्यांत पाच-पाच असा आणू शकता. दहा-दहा किलो दोन हातात घेऊन तुम्ही स्कायवॉकचा जिना चढणार असाल तर तो विचार सोडा. पाच-पाच माणूस आरामात नेतो, सात-आठपर्यंत चालतं, दहाला खांदे उतरतात आणि समोरून कोणी धक्का दिला तर तोल सावरायला हात मोकळा नसतो.

तेल घेताना पण असंच एक बघा. पंधरा किलोचा डबा आणि पंधरा लिटरचा डबा दिसायला सारखाच. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, त्यामुळे पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल असतं. भावाची तुलना करताना किलोला किलो लावा. पाकिटांवर आता एका ग्रॅमचा किंवा किलोचा, एका मिलिलिटरचा किंवा लिटरचा भाव वेगळा छापलेला असतो, बारीक अक्षरात, एमआरपीच्या आसपास, तो वाचायची सवय लावा. मोठं पाकीट म्हणजे स्वस्तच असं नसतं, मी स्वतः दोनदा बघितलंय की एक किलोची दोन पाकिटं दोन किलोच्या एका पाकिटापेक्षा कमी किमतीत होती. आणि चौघांच्या घरात तेलाचा मोठा डबा दोन-अडीच महिन्यांत संपणार नसेल तर घेऊ नका, उघडलेल्या तेलाला वास येतो.

प्रश्न : मी गिरगावात, वय ७१, एकटी राहते. तिसरा मजला, लाकडी जिना. गुडघे दुखतात. मुलगा पुण्याला असतो, तो येतो तेव्हा म्हणतो आई मी महिन्याचं सगळं एकदम भरून देतो, आणि पाच लिटर, दहा किलो असं घेऊन येतो. मला ते डबे हलवताही येत नाहीत. त्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसते. काय करू?

उत्तर : काकू, आधी त्याला सांगा. गप्प बसू नका. त्याला वाईट नाही वाटणार, त्याला कळतच नाहीये. तरुण माणसाला दहा किलोचा डबा म्हणजे डबा दिसतो, तुम्हाला तो रोज सकाळी वाकून उघडायचा असतो.

त्याला म्हणा भर तू, पण दोन गोष्टी कर. एक, मोठं आणलंस तरी इथे बसून छोट्या डब्यांत काढून दे, एक-एक किलोच्या बरण्या, कंबरेच्या उंचीच्या फळीवर. मोठ्या डब्याला हात लावायची वेळ महिन्यातून एकदाच, तोही त्याने. दुसरं, तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये नको, एक-एक लिटरच्या पिशव्या, त्यात चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. तुमच्या वयाला कंबर आणि गुडघे सांभाळणं हीच बचत आहे.

मधल्या दिवसांसाठी गिरगावात अजून वाणी फोनवर यादी घेतात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. यादी एकदम मोठी द्या, माल दोन-तीनदा मागवा, म्हणजे पोराला एका खेपेला चार-पाच किलोच आणायचं असतं, तो कुरकुर करत नाही आणि तुम्हालाही ते आत सरकवता येतं. हलक्या गोष्टींसाठी गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची जुनी पद्धत अजून उत्तम आहे, फक्त दोरी दरवर्षी बदला, उन्हाने कुजते, आणि दोन किलोच्या वर काही चढवू नका. टोपली ओढताना कठड्यावर झुकायचं नाही, दोरी कठड्यावरून घेऊन सरळ उभं राहून ओढायची.

प्रश्न : आम्ही चार मित्र पुण्यात कर्वेनगरला फ्लॅट शेअर करतो, दोन स्कूटर आहेत. मेसचा कंटाळा आला म्हणून घरी बनवतोय. मार्केटयार्डातून एकदम भरलं तर किती फायदा? स्कूटरवर पोतं आणता येईल का?

उत्तर : आधी मला सांगा, तुमच्यात पोळ्या कोण लाटतं? कोणीच नसेल तर गव्हाचा विषय सोडा, तांदूळ, डाळी, पोहे, कांदे-बटाटे, तेल एवढाच तुमचा माल. भुसार बाजारात मोठ्या गाळ्यांवर बहुतेक अख्खं पोतंच घ्यावं लागतं, पण आसपास दहा-पाच किलो देणारी दुकानं असतात, तिथे चौकशी करा. चौघांत पंचवीस-तीस किलो तांदूळ तीन-चार महिन्यांत संपेल, तेवढा ठीक आहे. इंद्रायणी आवडत असेल तर तो एकदम भरू नका, ठेवला की त्याचा वास कमी होतो आणि किडेही त्यालाच आधी लागतात. रोजच्याला जुना कोलम भरा, इंद्रायणी दोन-दोन किलो आणा.

स्कूटरवर पोतं येतं, पुढे पाय ठेवायच्या जागेत, आडवं घालून. पण पंचवीस-तीस किलोच्या वर नको, आणि निघायच्या आधी स्टँड काढून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, पोत्याला अडत असेल तर निघायचंच नाही. पाय बाहेर लोंबकळत ठेवून चालवणारी मुलं मी बघते, ब्रेक मारल्यावर काय होईल विचार करा. मागे दुसरा मित्र बसवू नका, तो बसने येऊ दे. हँडलला दोन्हीकडे पिशव्या टांगणं त्याहून वाईट, खड्ड्यात पिशवी हेलकावली की हँडल तिच्या बाजूला ओढलं जातं. आणि कांदे भरणार असाल तर उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमधला, तो टिकतो, पोत्यातून बाहेर काढून टोपलीत किंवा फरशीवर पसरून ठेवा, बटाट्यांच्या शेजारी नको.

पैसे मात्र पहिल्या दिवशी वहीत लिहा. कोण किती दिवस घरी जाणार, कोण रात्री बाहेर जेवतो, यावरून चार महिन्यांनी भांडणं होतात आणि मग तांदूळ शिल्लक आणि दोस्ती संपलेली.

प्रश्न : आता दहा मिनिटांत सगळं घरी येतं. मग कशाला भरायचं आणि कशाला ठेवायचं? किडे काढत बसण्यापेक्षा मोबाईल बरा. (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : दूध, कोथिंबीर, ब्रेड, अचानक पाहुणे आले तर श्रीखंड, यासाठी बराच, मी पण मागवते. पण महिन्याचा एकदा हिशोब करा, डिलिव्हरी चार्ज, हँडलिंग चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज, आणि दोनशेच्या वर जायला म्हणून टाकलेलं चॉकलेट. हे सगळं मिळून किती झालं ते बघा आणि मग ठरवा. आणि २६ जुलै २००५ ज्यांनी मुंबईत बघितलाय त्यांना घरात आठ दिवसांचा शिधा असण्याचं महत्त्व मी सांगायला नको. त्या रात्री आमच्या मजल्यावर तीन घरांत मिळून जेवण झालं, माझ्याकडे तांदूळ-डाळ होती, समोरच्यांकडे गॅस.

किड्यांचं मात्र नीट सांगते, कारण यावर अजून चार पत्रं आहेत. गहू भरायच्या आधी दोन दिवस कडक ऊन द्या, गच्ची नसेल तर खिडकीतल्या उन्हात थोडा थोडा. पूर्ण गार होऊ द्या मगच डब्यात, गरम भरला तर आत घाम धरतो. मग एरंडेल तेल, दहा किलोला दोन-तीन मोठे चमचे, हाताला लावून दाण्यांना चोळायचं, दाणा चकचकीत दिसला पाहिजे, ओला नाही. तूरडाळीला पण असंच. तळाशी आणि वर कडुलिंबाचा सुकवलेला पाला, हिरवा नको. रवा आणलात की तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा मग बरणीत, किंवा कोरडा भाजून ठेवा. बोरिक पावडर तांदळाला लावायची पद्धत आहे, मी ती सोडून दिली, लहान मुलं असलेल्या घरात तर अजिबात नको. आणि धान्यात ठेवायच्या म्हणून काही ठिकाणी ज्या विषारी गोळ्या मिळतात, सेल्फॉस वगैरे, त्या घरात आणायच्याच नाहीत. हवेतल्या दमटपणाने त्यातून गॅस सुटतो आणि बंद खोलीत माणसं दगावली आहेत त्याने. गोदामांसाठीचं औषध आहे ते, आपल्या बेडखालच्या डब्यासाठी नाही.

एवढं करूनही टोके झालेच तर घाबरून सगळं फेकू नका. चाळा, ऊन द्या, पाखडा, आणि त्या डब्यातला गहू आधी संपवा. डबा रिकामा झाला की धुऊन, दोन दिवस उन्हात पालथा घालूनच पुढचा गहू भरा, कोपऱ्यातल्या शिळ्या पिठातच ते टिकून राहतात.

पुढच्या अंकासाठी : डोंबिवलीच्या पत्रात एक प्रश्न शेवटी बारीक अक्षरात होता, की बिल्डिंगमधल्या पाच-सहा घरांनी मिळून टेम्पो केला तर? आमच्या सोसायटीत हे दोन वर्षं चाललंय, मे महिन्यात एकदा, अकरा घरं, एकच टेम्पो, गहू आणि तांदूळ. त्यात काय जमलं, कोणाचे पैसे अडकले, पोती खाली उतरल्यावर कोणतं कोणाचं यावरून काय गोंधळ झाला, ते सविस्तर लिहिते. तुमच्याकडे कोणी असं केलं असेल तर किती घरं, टेम्पोला किती दिले आणि हमाली कशी वाटली एवढं मला वीस तारखेच्या आत कळवा.